रब्बी सलांटर आणि आत्मसुधारणेची चळवळ

यहुदी लोकांचे नाव निघाले म्हणजे आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे दोनतीन गोष्टी चटकन उभ्या राहतात. पुणेकरांस लष्करातले लाल देऊळ आठवते. १८६७ साली पुरे झालेले ते उंच मनोऱ्याचे प्रार्थनामंदिर ज्याने निदान रस्त्यावरून पाहिले नाही असा जुना पुणेकर विरळा. अलिबाग-रेवदंड्याकडच्या माणसास 'शनवार तेली' आठवतात. कोकणात घाणे चालविणारी, शनिवारी मात्र घाण्याला बैल न जुंपणारी, घरात मराठी बोलणारी ही मंडळी म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्यातीलच जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि १८८० च्या सुमारास या समाजात बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. यापलीकडे आपली माहिती म्हणजे त्या लोकांचा व्यापार, त्यांचा छळ आणि त्यांच्यात निपजलेले शास्त्रज्ञ, एवढीच असते. दोन हजार वर्षे राज्य नाही, सैन्य नाही, स्वतःची म्हणावी अशी भूमी नाही, अशा स्थितीत या लोकांनी आपले मन कशावर सांभाळले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो प्रश्न आज थोडा विचारावा असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी कोकण सोडून फार दूर, लिथुएनियात जावे लागेल. तेथली चळवळ आणि कोकणातले बेने इस्राएल यांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही हेही आरंभीच सांगून टाकतो. धर्म एक असला, तरी दोन्ही समाजांचे गुरू निराळे आणि दुःखेही निराळी होती.

विषयात शिरण्यापूर्वी दोनतीन शब्दांची ओळख करून घेतली पाहिजे. पहिला शब्द 'मित्स्वा'. याचा मूळ अर्थ आज्ञा असा आहे. परंतु व्यवहारात यहुदी माणूस कोणत्याही सत्कृत्याला मित्स्वा म्हणतो. म्हणजे सत्कृत्य ही आपल्या मनाच्या मोठेपणातून निघालेली मेहेरबानी नव्हे, ते आपल्यावर असलेले देणे आहे, ही भावना शब्दातच बसलेली आहे. दुसरा शब्द 'त्सेदाका'. याचे भाषांतर आपण दानधर्म असे करतो, पण ते पुरते बरोबर नाही. हा शब्द 'त्सेदेक' म्हणजे न्याय या शब्दापासून आला आहे. गरिबाला दिले ते दयेने दिले नाही, त्याचे होते ते त्याच्याकडे पोचते केले, असा त्याचा रोख आहे.

१२०४ साली मिसर देशात वारलेले मैमोनिदीस हे या धर्माचे सर्वांत मोठे शास्त्रकार. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. अगदी खालची पायरी म्हणजे कपाळाला आठी घालून देणे. तिच्या वर हसतमुखाने, परंतु द्यावयास हवे त्याहून कमी देणे. मग मागितल्यावर देणे, त्याच्याही वर न मागता देणे. पुढे देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, अशा पायऱ्या चढत जातात. सर्वांत वरच्या पायरीवर, आपल्याला वाटेल तसे गुप्तदान नाही. तेथे आहे कर्ज, भागीदारी किंवा कामधंदा. पडणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला असे उभे करावयाचे, की पुन्हा कोणापुढे पसरण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. आठशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाचताना आजची कोणतीही सहकारी पतपेढी आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच मैमोनिदिसांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि आजच्या विषयाचे बीज तिच्यातच आहे. एका माणसाने एकदाच हजार मोहरा दान केल्या आणि दुसऱ्याने हजार वेळा एकेक मोहोर दिली, तर श्रेष्ठ कोण? ते म्हणतात, दुसरा. कारण पहिल्याच्या मनात औदार्याची एक लहर आली आणि ओसरली. दुसऱ्याचा हात हजार वेळा उघडला, आणि उघडता उघडता त्याला उघडण्याची सवय लागली. म्हणजे सत्कृत्याचा पहिला परिणाम गरिबाच्या पोटावर होतो तसा दुसरा परिणाम देणाऱ्याच्या स्वभावावर होतो. माणूस चांगला असतो म्हणून चांगले करतो हे खरे; परंतु चांगले करत राहतो म्हणून हळूहळू चांगला होतो हेही तितकेच खरे. मन नासलेले आहे, श्रद्धा डळमळीत आहे, अशाही माणसाला यात जागा आहे. त्याने मन शुद्ध होण्याची वाट पाहत बसू नये, हाताने आरंभ करावा.

आता लिथुएनिया. १७९५ साली पोलंडच्या राज्याची शेवटची वाटणी झाली आणि हा प्रदेश रशियाच्या झारच्या ताब्यात गेला. विल्ना ही तेथील यहुद्यांची विद्यानगरी. आजचे तिचे नाव विल्निअस. आपल्याकडे काशीची जी प्रतिष्ठा तीच तेथे विल्नाची. पंडितांत तल्मूद या प्रचंड धर्मग्रंथावरील वादविवादाची बुद्धी एवढी तीक्ष्ण झाली होती की एका ओळीवर आठवडा जावा. परंतु त्याच समाजावर १८२७ साली एक मोठा घाव पडला. झार पहिला निकोलस याने यहुद्यांवर लष्करभरतीचा हुकूम काढला. बारा वर्षांच्या मुलालाही धरून नेता येई. अठराव्या वर्षानंतर पंचवीस वर्षांची चाकरी मोजावयास सुरुवात होई. भरतीची संख्या पुरी करण्याची जबाबदारी त्या त्या गावच्या यहुदी पंचांवर टाकली होती. या व्यवस्थेचे काय झाले असेल हे सांगावयास नकोच. श्रीमंतांची मुले, पंडितांची मुले वाचली. विधवेचा, शिंप्याचा, मोलकरणीचा मुलगा गेला. मुले पळविणारे पगारी लोकच निर्माण झाले. १८५६ साली दुसऱ्या अलेक्झांडरने लहान मुलांची ही भरती बंद केली, तोवर जवळजवळ तीस वर्षे हे चालले.

बाहेरच्या जुलमापेक्षा यातला आतला जुलूम विचार करण्याजोगा आहे. ज्या गावात अन्नाच्या शुद्धतेबद्दल केसभर तडजोड होत नव्हती, शब्बाथच्या दिवशी घराबाहेर रुमालसुद्धा नेऊ नये म्हणून लोक जपत, त्याच गावात पंच मंडळी शेजाऱ्याचा पोरगा शिपायांच्या हाती देत होती. धर्म पाळला जात होता आणि माणूस विकला जात होता. ही विसंगती ज्याच्या डोळ्यांत सलली तो तरुण म्हणजे इस्राएल लिपकिन. सलांट नावाच्या लहानशा गावी त्याचे शिक्षण झाले, म्हणून जग त्याला रब्बी इस्राएल सलांटर या नावाने ओळखते. अशा एका विधवेच्या मुलासाठी त्यांनी भरल्या मंदिरात उभे राहून गावच्या प्रतिष्ठितांना फटकारले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

त्यांचा जन्म नोव्हेंबर महिन्यातला, वर्ष कोणी १८०९ देतात कोणी १८१०. बुद्धी लहानपणापासून असामान्य. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते एका अशा माणसाने, की ज्याला पाहून कोणी पंडित म्हणाला नसता. सलांट गावात झुंडेल नावाचे एक विद्वान राहत. मोठ्या गुरूचे शिष्य असून त्यांनी रब्बीची जागा पत्करली नाही. साध्या मजुरासारखे कपडे घालावे, लहानसा धंदा करून पोट भरावे, आणि एकांत मिळाला की गावाबाहेर रानात फिरत स्वतःशी नीतिवचने पुटपुटत चिंतन करावे, असा त्यांचा क्रम होता. तरुण इस्राएल लपतछपत त्यांच्या मागे जाई. एके दिवशी झुंडेल एकदम मागे वळले आणि म्हणाले, की बाबा रे, नीतिशास्त्राचा अभ्यास कर, म्हणजे परमेश्वराला भिऊन वागणारा होशील. रब्बी इस्राएल पुढे सांगत, की ते शब्द विस्तवासारखे काळजात शिरले. आपल्या संतचरित्रांत असे प्रसंग पुष्कळ आहेत. तेव्हा श्रोत्यांस ते समजावून सांगण्याची गरज नाही.

नीतिशास्त्राच्या या अभ्यासाला हिब्रूत 'मुसार' म्हणतात. शिस्त, शिकवण, कानउघाडणी हे सारे अर्थ त्या एका शब्दात आहेत. मुसारचे ग्रंथ शेकडो वर्षांपासून होतेच. १७४० साली ॲम्स्टरडॅम येथे छापलेला लुझ्झात्तो यांचा 'सरळ माणसांचा मार्ग' हा त्यांतला फार गाजलेला. पण विद्वान मंडळी हे ग्रंथ बायकांनी आणि साध्याभोळ्यांनी वाचावयाचे म्हणून बाजूला ठेवीत. १८४० च्या सुमारास विल्नाला आल्यावर रब्बी इस्राएल यांनी याच्या उलट सांगावयास सुरुवात केली. ज्याची बुद्धी मोठी त्याची स्वतःला फसविण्याची शक्तीही मोठी, म्हणून विद्वानालाच या अभ्यासाची गरज अधिक, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी केवळ पाठशाळेतील विद्यार्थ्यांकडे लक्ष दिले नाही. व्यापारी, दुकानदार, कारागीर यांच्यासाठी 'मुसार-घर' काढण्याची कल्पना मांडली. संध्याकाळी दुकान बंद करून यावे, घटकाभर बसावे, नीतिग्रंथातील वाक्य मोठ्याने, चालीवर, पुन्हा पुन्हा म्हणावे आणि दिवसभरात आपण कोणाशी कसे वागलो ते आठवावे. वाक्य समजणे ही त्यांच्या मते अगदी सोपी गोष्ट होती. ते घोळवून घोळवून हाडांत मुरविणे अवघड, आणि त्यासाठी चाल आणि भावना पाहिजे. नामस्मरण ज्यांनी केले आहे त्यांना हे पटेल.

याच काळात त्यांच्या प्रेरणेने काही जुनी पुस्तके विल्नात पुन्हा छापली गेली. त्यांतल्या एका पुस्तकाची कथा इतकी चमत्कारिक आहे की थोडे आडवाटेला जाऊन ती सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पुस्तकाचे नाव 'आत्म्याचा हिशेब'. लेखक मेंडेल लेफिन, पोडोलिया प्रांतातला. १७४९ साली जन्मला, १८२६ साली वारला. बर्लिनला जाऊन नव्या विचारांची हवा खाऊन आलेला हा सुधारक गृहस्थ होता. १८०८ साली त्याने हे पुस्तक काढले आणि त्यात स्वभाव सुधारण्याची एक नवी युक्ती सांगितली. तेरा गुण घ्यावेत. शांतपणा, सोशिकपणा, व्यवस्थितपणा, काटकसर, नम्रता, मौन, सत्य असे. एका आठवड्यास एकच गुण. वहीत वारांचे रकाने आखावेत आणि रोज रात्री, ज्या गुणात चूक झाली असेल तेथे खूण करावी. तेरा आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षाचे आठवडे बावन्न; तेव्हा वर्षात प्रत्येक गुणाची पाळी बरोबर चार वेळा येते.

ज्यांनी बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र वाचले असेल ते एव्हाना हसले असतील. ही युक्ती शब्दशः त्याचीच! अमेरिकेत छापखाना चालविणाऱ्या, विजेचे प्रयोग करणाऱ्या त्या व्यवहारी माणसाने तरुणपणी अशीच वही आखली होती. प्रथम त्याच्या यादीत बाराच गुण होते. तू गर्विष्ठ आहेस असे एका मित्राने तोंडावर सांगितले, तेव्हा नम्रता हा तेरावा गुण त्याने घातला. व्यवस्थितपणा काही आपल्याला साधला नाही अशी कबुलीही त्याने दिली आहे. लेफिनने आपल्या पुस्तकात फ्रँकलिनचे नाव घेतले नाही. त्यामुळे झाले असे, की फिलाडेल्फियाच्या छापखानदाराची वही पोडोलियाच्या सुधारकाच्या हाती पडली, आणि त्या सुधारकाचे पुस्तक सुधारकांशी ज्यांचे मुळीच पटत नव्हते अशा सनातनी रब्बींनी १८४५ साली विल्नात छापून आपल्या शिष्यांच्या हाती दिले. चांगली वस्तू कोणाच्या दारातून आली हे पाहू नये, असे कोणी मुद्दाम ठरवून हे केले असेल असे नाही. वस्तू कामाची निघाली आणि ती वापरात आली.

या वहीत धीर देणारे काय आहे, असे कोणी विचारील. रोज रात्री आपल्या चुकांवर ठिपके मांडणे हे मन खचविणारेच वाटते. पण नीट पाहिले तर तसे नाही. माणूस खचतो तो एकूण हिशेबाने: मी रागीट, मी आळशी, माझे काही होणार नाही. वही एकूण हिशेब मागतच नाही. या आठवड्यात फक्त सोशिकपणा. मंगळवारी तीन ठिपके पडले, बुधवारी दोन. ज्या कुळाला सारे कर्ज एकदम फेडावयाचे आहे असे वाटते तो गाव सोडून पळतो. ज्याला हप्ता बांधून दिला तो टिकतो. सावकारी पाशात पिढ्यान् पिढ्या काढलेल्या आपल्या मुलखाला हा फरक सांगावयास नको.

रब्बी इस्राएल यांची खरी प्रतिभा मात्र वहीच्याही खाली गेली. माणसाच्या मनात उजेडातल्या शक्ती असतात तशा अंधारातल्याही असतात, आणि ऐन वेळी अंधारातल्या शक्तीच जिंकतात, असे त्यांनी लिहिले. यासाठी त्यांनी दिलेला दाखला असा. एका गुरूचा आपल्या शिष्यावर फार जीव आहे आणि स्वतःच्या मुलाचा त्याला तिटकारा आहे. मध्यरात्री घराला आग लागली. झोपेतून दचकून उठलेला तो गुरू आधी कोणाला वाचवावयास धावेल? मुलाला. कारण शिष्यावरचे प्रेम उजेडात आहे. मुलावरचे प्रेम अंधारात दडले आहे, त्याचे त्यालाही ते ठाऊक नाही. हे लिखाण १८६० च्या आसपासचे. फ्रॉइडचा जन्म १८५६ चा. यावरून लगेच सारे मानसशास्त्र आधीच सापडले होते असे म्हणण्याचा मोह आपल्याकडेही अनेकांस होतो, तो येथे आवरलेला बरा. दोघांचा हेतू वेगळा होता. रब्बींना रोग्याच्या मनाचा शोध घ्यावयाचा नव्हता. निरोगी म्हणविणारा, पापभीरू माणूस ऐन वेळी लबाडी का करतो हे त्यांना समजून घ्यावयाचे होते.

'मुसारचे पत्र' म्हणून त्यांचे एक लेखन १८५८ साली छापले गेले. त्यात त्यांनी आपल्याच लोकांपुढे आरसा धरला आहे. आपले लोक कितीही भूक लागली तरी विधिपूर्वक हात धुतल्याशिवाय घास घेत नाहीत, पण दुसऱ्याची निंदा मात्र सहज करतात, आणि शास्त्राने निंदेला हात न धुण्यापेक्षा कितीतरी भारी पाप म्हटले आहे. हे का? त्यांचे उत्तर असे की हात धुण्याची सवय पिढ्यांनी लावली आहे, तिला आता प्रयास पडत नाही. गावागावाप्रमाणे हे बदलते: कोठे खाण्यापिण्यात दक्षता आणि व्यापारात ढिलाई, कोठे याच्या उलट. मग ज्या सवयीने एक पाप अशक्य झाले त्याच सवयीने दुसरेही होईल. आम्हांस वाटते, त्यांच्या शिकवणीतला दिलासा तो हाच. सद्गुण हा काही निवडक लोकांना जन्मतः मिळालेला दागिना नाही, हात धुण्यासारखी ती लावून घेण्याची गोष्ट आहे. प्रथम दाबून धरावे, पुढे वृत्तीच बदलते, अशा दोन अवस्था ते सांगत. आणि पहिल्या अवस्थेत आयुष्य गेले तरी त्याला ते कमी लेखीत नसत.

त्यांच्याविषयीच्या गोष्टी शिष्यांनी पुष्कळ सांगितल्या आहेत. शिष्यांच्या गोष्टींत भर पडतेच, हे आपण आपल्या अनुभवावरून जाणतो. पण दोनचार गोष्टी इतक्या एका वळणाच्या आहेत की माणूस कळावयास त्या पुरतात. भोजनापूर्वी हात धुताना रब्बी अगदी ओंजळभर पाणी घेत. कोणी विचारले, की शास्त्रात तर भरपूर पाणी वापरण्याचे पुण्य सांगितले आहे. ते म्हणाले, पाणी विहिरीवरून मोलकरीण खांद्यावर आणते. तिच्या खांद्यावर मला पुण्य करावयाचे नाही. वल्हांडणाच्या सणाची बेखमीर भाकरी भाजताना शास्त्राचे नियम फार कडक असतात. देखरेखीला निघालेल्या शिष्यांनी विचारले, विशेष लक्ष कशावर ठेवावे? उत्तर मिळाले, कणीक मळणाऱ्या बायकांत एक विधवा आहे, तिच्यावर आवाज चढू देऊ नका. प्रायश्चित्ताच्या महापर्वाच्या संध्याकाळी सारे मंदिर त्यांची वाट पाहत खोळंबले आणि ते आले नाहीत. शोधता शोधता ते एका घरात पाळण्यापाशी सापडले. आई प्रार्थनेला गेली होती, लेकरू रडत होते, त्याला जोजवीत बसले होते.

आणि चांभाराची गोष्ट. रात्री उशिरा ते एका चांभाराकडे गेले. मेणबत्ती शेवटास आली होती आणि तो अजून टाके घालीतच होता. आता कशाला, असे त्यांनी म्हटले, तेव्हा तो म्हणाला की बत्ती जळते आहे तोवर दुरुस्ती करता येते. रब्बी घरी आले ते तेच वाक्य घोळवीत. विद्वत्तेच्या नगरीतल्या सर्वांत मोठ्या पंडिताला मुसारचा पाठ एका चांभाराने दिला, आणि त्याने तो घेतला.

१८४८ साली विल्नात पटकीची साथ आली. त्यांच्या सगळ्या शिकवणीची परीक्षा त्या सालात झाली. पटकी हा शब्द आपल्या घराघरांतून एके काळी कसा उच्चारला जाई हे वडीलधाऱ्यांकडून ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्या नगरीची कल्पना येईल. रब्बी इस्राएल यांनी शिष्यांना पुस्तके मिटावयास लावून शुश्रूषेच्या कामावर पाठविले. शब्बाथच्या दिवशी अग्नी पेटविणे, पाणी तापविणे निषिद्ध; त्यांनी सांगितले की रोग्यासाठी हे सारे करावे, आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाला बोलावून न करविता स्वतःच्या हाताने करावे. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूस ठेवावा हा नियम तल्मूदातलाच आहे. परंतु नियम पुस्तकात असणे वेगळे आणि आपल्या हाताने काडी ओढणे वेगळे.

मग महापर्व आले. या दिवशी पंचवीस तास निर्जळी उपास असतो. वर्षभर देवळाची पायरी न चढणारा यहुदीही हा उपास मोडत नाही. उपाशी अंगाला पटकी लवकर धरते अशी वैद्यांची भीती होती. रब्बींनी उपास सोडण्यास परवानगी असल्याचे जाहीर केले, प्रार्थना थोडक्यात आटोपण्यास आणि मोकळ्या हवेत फिरण्यास सांगितले. लोक ऐकेनात. मृत्यू पत्करला पण हे पाप नको, अशी त्यांची वृत्ती. तेव्हा, असे सांगतात की, सकाळच्या प्रार्थनेनंतर रब्बी इस्राएल मंदिराच्या मधल्या चौथऱ्यावर चढले, मंत्र म्हटला आणि सर्वांच्या देखत घास तोंडात घातला. ते खरोखर सर्वांदेखत जेवले की केवळ परवानगी दिली, याविषयी आठवणी सांगणाऱ्यांत मतभेद आहेत. गावच्या इतर धर्माधिकाऱ्यांस हे रुचले नाही हेही सांगितले जाते. पुढे दावीद फ्रिशमन या लेखकाने अशाच प्रसंगावर 'तिघे जे जेवले' ही हिब्रू कथा लिहिली आणि तो प्रसंग साऱ्या यहुदी जगाच्या मनात कायमचा बसला.

आम्हांला या प्रसंगात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उपास मोडणारे हे गृहस्थ सुधारक नव्हते. रूढी तोडण्याचा आनंद त्यांना नव्हता. उपासावर त्यांच्याइतकी श्रद्धा त्या मंदिरात क्वचितच दुसऱ्या कोणाची असेल. म्हणूनच त्या घासाला किंमत आहे. मोलकरणीच्या खांद्याचा विचार करून ओंजळभर पाण्यात हात धुणारा माणूस वर्षानुवर्षे लहान लहान गोष्टींत जे गिरवीत होता तेच येथे मोठ्या अक्षरांत लिहिले गेले.

त्यांचे पुढचे आयुष्य सरळ यशाचे नाही, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. रशियन सरकारने १८४७ साली विल्नात रब्बी घडविण्याचे सरकारी विद्यालय काढले. तेथे शिकवावे असा आग्रह त्यांना होऊ लागला. सरकारच्या हातून धर्मशिक्षण नको म्हणून त्यांनी विल्नाच सोडले आणि कोव्नोला, म्हणजे आजच्या कौनसला, मुसार-घर काढले. पुढे प्रकृती बिघडली. डोकेदुखी आणि मनाची उदासीनता यांनी ते ग्रासले आणि १८५७ साली उपचारासाठी जर्मनीत गेले. मनाच्या अंधाराविषयी लिहिणाऱ्याला स्वतःच्या मनातला अंधार भोगावा लागला. मेमेल येथे १८६१ साली त्यांनी 'तेवुना' नावाचे नियतकालिक सुरू केले, ते बारा अंकांनंतर बंद पडले. तल्मूदाचा अभ्यास सर्वांना सुलभ व्हावा, विद्यापीठांतून शिकविला जावा, अशा त्यांच्या योजना कागदावरच राहिल्या. उतारवयात दोन वर्षे पॅरिसला जाऊन तेथल्या निर्वासितांची वस्ती सावरण्याची खटपट केली. इकडे गादी नाही, मठ नाही, मोठा ग्रंथही नाही. राहिली ती पत्रे आणि शिष्य.

शिष्यांनी मात्र चळवळ वाढविली, आणि वाढविताना प्रत्येकाने तिला आपला रंग दिला. केल्म येथील सिम्खा झिस्सल यांची पाठशाळा शिस्तीची आणि शांततेची. चप्पल कशी ठेवावी येथपासून तेथे स्वभावाचे शिक्षण सुरू होई. स्लाबोडकाचे नाथान त्स्वी फिंकेल यांनी माणसाच्या थोरवीवर भर दिला. आपण कोण आहोत हे ज्याला कळले तो हलके काम करणार नाही, म्हणून त्यांचे विद्यार्थी नीटनेटका पोशाख करीत. नोव्हारडोकचा पंथ याच्या उलट. लोकलज्जा हीच सर्वांत मोठी बेडी असे मानून ते तरुणांना औषधाच्या दुकानात खिळे मागावयास पाठवीत, की लोक हसावेत आणि हसण्याची भीती जावी. हा प्रकार आम्हांस काही पटत नाही. मोलकरणीला जपणाऱ्या गुरूच्या मार्गाला स्वतःचा असा छळ शोभत नाही, आणि लाज मारता मारता कोवळेपणाही मरण्याचा संभव असतो. १८९७ च्या सुमारास लिथुएनियातील अनेक रब्बींनीच मुसारविरुद्ध मोहीम उघडली. आमच्या तल्मूदात काय कमी आहे की हे वेगळे शास्त्र हवे, असा त्यांचा सवाल होता. मुसारवाद्यांना तो कधी पुरता परतविता आला नाही.

फिंकेल यांच्या पाठशाळेची एक शाखा १९२४ साली पॅलेस्टाइनमधील हेब्रोन गावी गेली. ऑगस्ट १९२९ मधील दंगलीत तेथे ६७ यहुदी मारले गेले. त्यांत या पाठशाळेचे कित्येक विद्यार्थी होते. अनेकांना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरांत लपवून वाचविले, हेही त्याच दिवशीचे. उरलेले जेरुसलेमला गेले. जे लिथुएनियात राहिले त्यांची कथा याहून भयंकर. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा शिरल्या आणि त्याच आठवड्यात स्लाबोडकात घराघरांतून कत्तल झाली. केल्मची पाठशाळा त्याच उन्हाळ्यात संपली. लिथुएनियातील दोन लाखांहून अधिक यहुद्यांपैकी दहांतले नऊहून अधिक १९४४ पर्यंत मारले गेले. ज्या रस्त्यांवरून चांभाराची बत्ती दिसली असेल ते रस्ते आहेत, माणसे नाहीत. जेरुसलेम, बने ब्राक आणि अमेरिका येथील पाठशाळांतून संध्याकाळी अर्धा तास पुस्तके बदलून मुसार म्हणण्याचा परिपाठ मात्र आजही चालू आहे, आणि चालही तीच आहे असे म्हणतात.

रब्बी इस्राएल २ फेब्रुवारी १८८३ रोजी कोनिग्सबर्ग येथे वारले. ते शहर आज रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. शेवटच्या रात्री त्यांच्यापाशी एक साधा सेवक तेवढा होता, तेथल्या समाजाने सोबतीला ठेवलेला. मागाहून लोक आले आणि त्यांनी त्याला विचारले, की एवढ्या मोठ्या पुरुषाने जाताना काय सांगितले. तो म्हणाला, विशेष काही नाही. मी घाबरलो होतो. ते माझी समजूत घालीत होते, की प्रेताबरोबर एका खोलीत रात्र काढावयास भ्यावयाचे नसते, प्रेत कोणाचे काही वाईट करीत नाही.